वरच्या खोलीचा रंग

"कपाळ तेवढं दिसतंय माझं," सासूबाई माझ्या कानाशी लागून पुटपुटल्या. "सगळ्यांचे चेहरे दिसतात आणि माझं नुसतं कपाळ. बाकीची मी काय कपाटात ठेवलीय?"

"आई, जरा मागे सरकून बसा."

"मागे सरकले की ऐकू येत नाही."

"मग झाकण थोडं खाली करते."

"नको, मग नुसती हनुवटी राहील. असू दे. कपाळावर काय लिहिलंय ते तरी वाचू दे सगळ्यांना."

लॅपटॉप आमच्या जेवणाच्या टेबलावर, त्याच्यापुढे तिघं दाटीवाटीनं: मधे सासूबाई, डावीकडे मी, उजवीकडे आमचे हे. ह्यांचं औषधाचं दुकान शनिवारी लवकर बंद होतं, त्यामुळे ते असतात. असतात म्हणजे देहानं असतात. सिनेमातला पहिला खून पडेपर्यंत त्यांचा डोळा लागलेला असतो.

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे खून असतो. जुना, काळा-पांढरा, सभ्य माणसांनी केलेला. लावायचं काम धाकट्या दिरांकडे. ते दूरच्या शहरात वकिली करतात आणि घरातही त्यांना वकीलच म्हणतात. ते सिनेमा त्यांच्या संगणकावर लावतात आणि तो आम्हा सगळ्यांना आपापल्या घरी दिसतो. कडेला चौकोनांची एक उभी रांग असते, तिच्यात आमची तोंडं. सासूबाईंचं सोडून.

ह्या कार्यक्रमाला नियम आहे, तो सासूबाईंचा. मुलं लहान असताना दूरदर्शनवर असा सिनेमा लागला की शेवटच्या आधी त्या उठून आवाज बंद करायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, "नाव आणि पुरावा." म्हणजे खुनी कोण ते सांगायचं आणि पडद्यावर प्रत्यक्ष दिसलेली एक गोष्ट पुराव्याला द्यायची. "चेहऱ्यावरून वाटतं" हे चालत नाही. आणि ज्यानं तो सिनेमा आधी पाहिलेला असेल त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरायची. माहीत असेल त्यानं बोलायचं नाही, हा नियम घरात इतका मुरलाय की सिनेमा नसतानाही आम्ही तो पाळतो.

आता तो कुठे पाळतो ते सांगते.

रांगेतला दुसरा चौकोन ताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. त्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढतात. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" सांगतात, आणि घरी कुणी जास्त बोलायला लागलं तर त्यालाही सांगतात. तिसरा चौकोन त्यांच्या नवऱ्याचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सासूबाई त्याला जावईबापू म्हणतात, आणि त्यांचं ऐकून आम्ही सगळेच म्हणायला लागलो, मीसुद्धा. नवरा-बायको एकाच घरात असून दोन चौकोन कशाला, असं सासूबाईंनी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "त्याला सारखे ड्यूटीचे फोन येतात, कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असतं. माझा सिनेमा मोडतो. म्हणून तो वरच्या खोलीत बसतो."

खरी गोष्ट अशी की जावईबापू वरच्या खोलीत नव्हते. उन्हाळ्यापासून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या एका खोलीत राहत होते.

भांडण नाही, तिसरं माणूस नाही. दोघांमधलं बोलणं हळूहळू आटत गेलं आणि एक दिवस दोघांच्याही लक्षात आलं की आता फक्त "किल्ली घेतलीस का" एवढंच उरलंय. ताईंनी आम्हाला सांगितलं. वकिलांना सांगितलं. आईला मात्र इतक्यात नको, तिचं डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, म्हणाल्या. ऑपरेशन झालं. मग, थेंब घालणं संपू दे. तेही संपलं. मग चष्म्याचा नवा नंबर आला, सासूबाईंना भिंतीवरची मुंगी दिसायला लागली, तरी सांगायचं राहिलंच.

ह्यात थोडा हात माझाही होता. मी कापडाच्या दुकानातून घरी आल्या आल्या जावईबापूंनी मला एकदा फोनवर गाठलं होतं. मी पडदे शिवते.

"वहिनी," ते म्हणाले, "आईंना केव्हा सांगायचं ते तुम्ही सगळे ठरवा, माझी हरकत नाही. पण सांगितलं की मग मला शनिवारी तोंड दाखवता येणार नाही, एवढंच."

"का येणार नाही?"

"कोण म्हणून येऊ? बायकोचं मी समजून घेतलंय. सासू जाणार, हे जरा जड जातंय."

आईवेगळा, काकांकडे आणि नंतर वसतिगृहात वाढलेला माणूस. लग्नानंतर पहिल्यांदा ह्या घरी जेवायला आला तेव्हा सासूबाईंनी त्याला विचारलं होतं, "आणखी काय वाढू?" आणि तो ताटाकडे बघत बसला होता, कारण ह्या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं असतं ते त्याला ठाऊकच नव्हतं. मी ह्या घरात त्याच्या दोन वर्षं आधी सून म्हणून आले होते. आम्ही दोघं बाहेरून आलेले. ह्या घरच्या लोकांना जन्मानं जे मिळालंय ते आम्हाला लग्नानं मिळालं, त्यामुळे त्याचा जीव कशाला वरखाली होतोय ते मला फार समजावून सांगावं लागलं नाही. आईंना सांगायची घाई नको, असं ताईंना मग मीच म्हटलं.

तर असं ते घोंगडं भिजत पडलं. आणि त्याच्या पाठोपाठ रंगाची भानगड आली.

झालं असं की पहिल्या काही शनिवारांतच सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमचा आवाज घुमतो हो फार. रिकाम्या हौदात बसल्यासारखा." सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या आहेत. आयुष्यभर कानाला माणसं लावून बसलेली बाई. जावईबापू गडबडले आणि म्हणाले, "वरची खोली रिकामी केलीय, आई. रंग द्यायचाय."

झालं. त्यानंतर दर शनिवारी रंग. "लागला का रंग?" "भिंती घासून झाल्या." "लागला का?" "पहिला हात झालाय." वकिलांना काही माहीत नसल्यासारखं वागायची इतकी हौस, की त्यांनी एकदा रंगाची छटा कोणती घ्यावी ह्यावर बराच वेळ सल्ला दिला. आमचे हे म्हणाले, फिकट पिवळा घ्या, खोली मोठी वाटते. ताईसुद्धा मान हलवून म्हणाल्या, "मी त्याला तेच सांगतेय." त्या न दिलेल्या रंगावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्या खऱ्या घराच्या रंगावर झाली नाही.

मला मात्र त्या चौकोनात वेगळंच काहीतरी दिसायचं. जावईबापूंच्या मागे एक उघडी खिडकी होती. पडदा नसलेली. पडदे शिवणाऱ्या बाईला उघडी खिडकी दिसली की सुचेनासं होतं, दुसऱ्याच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसावं तसं. सिनेमातला गुप्तहेर दिवाणखान्यात राख हुंगत फिरायचा आणि मी इकडे नजरेनं त्या खिडकीचं माप घ्यायची. शेवटी राहवलं नाही. जाड निळं कापड उरलं होतं, अस्तर लावून जोडी शिवली. घडी करून कपाटात ठेवली. पाठवणार कशी? पडदे पाठवले म्हणजे, तुम्ही तिथे राहता हे मला मान्य आहे, असं झालं असतं. हे कुणीच अजून मोठ्यानं म्हणालं नव्हतं. तेही म्हणाले नव्हते.

त्या शनिवारचा सिनेमा चांगला रंगात आला होता. त्यातल्या गुप्तहेराला सर्दी झालेली होती. प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी तो रुमाल काढायचा आणि शिंकायचा, आणि समोरचा माणूस त्या वेळात चेहरा सावरून घ्यायचा. काचकारखान्याचा म्हातारा मालक स्वतःच्या बागेतल्या काचघरात मरून पडलेला. संशय चौघांवर: पुतणी, डॉक्टर, पियानो शिकवायला येणारा मास्तर आणि घर सांभाळणारी बाई.

"ती पुतणी सारखी हातमोजे का काढघाल करतेय?" सासूबाई.

"थंडी असेल," हे म्हणाले. जागे होते तर.

"काचघरात कसली थंडी?"

एवढ्यात रांगेतला दुसरा चौकोन काळा झाला आणि गळून पडला.

"ताई गेली," वकील म्हणाले आणि त्यांनी सिनेमा थांबवला. पडद्यावर गुप्तहेर नाकाला रुमाल लावून तसाच राहिला.

थोड्या वेळानं ताई फोनवरून परत आल्या. अंधारात नुसतं नाक आणि चष्मा. "लाइट गेली," त्या म्हणाल्या. "अख्ख्या गल्लीची गेलीय. वायफाय पण गेलं. लाव तू पुढे, मी फोनवर बघते."

वकिलांनी पुढे लावलं नाही. कारण आम्ही सगळे तिसऱ्या चौकोनाकडे बघत होतो.

तिथे जावईबापू लख्ख उजेडात बसले होते. डोक्यावर ट्यूबलाइट, मागे पांढरी भिंत, खिडकी, सगळं स्वच्छ. एक्स-रे काढायला बसवल्यासारखे.

"जावईबापू," सासूबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे आहे का लाइट?"

"अं?" जावईबापूंनी वर ट्यूबकडे पाहिलं. मग ताईंच्या काळ्या चौकोनाकडे. "नाही, नाही. गेली ना. इथलीपण गेली."

आणि त्यांनी हात लांब केला. खट्ट करून बटणाचा आवाज आला आणि अंधार झाला.

बटण वाजवून लाइट जाते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आमच्या ह्यांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते पाणी प्यायला आत गेले. वकील, जे कोर्टात समोरच्याच्या श्वासावरही हरकत घेतात, ते म्हणाले, "हं, मग. चालू करू का?"

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "अगं, तो बिचारा वर अंधारात बसलाय. तू खाली काय करतेस? मेणबत्ती नेऊन दे त्याला."

ताईंनी अंधारात चष्मा वर सरकवला.

"आई, त्याच्याकडे टॉर्च असेल. लिफ्टवाल्यांकडे असतोच."

"टॉर्च डोळ्यांवर येतो. सिनेमा बघायचाय ना त्याला? मेणबत्ती ने. आणि जिना सांभाळून चढ."

ताई उठल्या. फोन कशाला तरी टेकून ठेवलेला, त्यामुळे आम्हाला आता त्यांची रिकामी खुर्ची दिसत होती आणि मागची भिंत. कुठेतरी खण उघडला, काडी ओढल्याचा आवाज आला. मग त्या भिंतीवर पिवळा उजेड आला आणि तिथेच थांबला. ताई स्वयंपाकघराच्या दारात मेणबत्ती घेऊन उभ्या राहिल्या असणार. दुसरं त्या करणार तरी काय? मेणबत्ती घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार?

"आली का हो?" सासूबाईंनी तिसऱ्या चौकोनाला विचारलं.

"येतेय, येतेय," जावईबापू म्हणाले. लॅपटॉपच्या उजेडात त्यांचा चेहरा निळा दिसत होता. "जिन्यात आहे ती."

"गुडघा दुखतो तिचा."

"हो ना. सावकाश येतेय." मग जरा मान वळवून, हवेला उद्देशून, "दे. हं. थँक्यू."

"पेटलेली दिसत नाही."

"विझली, आई. जिन्यात वारा आहे."

"मग परत पेटवा."

जावईबापू खाली वाकले. बरीच खुडबुड झाली, हत्यारांच्या पिशवीसारखी काहीतरी खळखळली आणि मग चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात नारिंगी उजेड उगवला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांसाठी दिवा असतो ना, तो असावा. मेणबत्तीची ज्योत जरा तरी थरथरते. ही अजिबात हलत नव्हती.

"छान पेटली," वकील म्हणाले.

मी टेबलाखालून सासूबाईंच्या हाताकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. त्यांच्या कपाळावरून काही समजायला मार्ग नव्हता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी हसायची लाजही वाटत होती. एक पन्नाशीचा माणूस, बायकोनं न आणलेली मेणबत्ती जपत, अंधारात बसलाय. कशासाठी, तर आणखी एक शनिवार मिळावा.

ताई परत येऊन खुर्चीत बसल्या. वकिलांनी सिनेमा पुढे सोडला. गुप्तहेर शिंकला. मास्तर पियानोवर बसला, डॉक्टरनं घड्याळ पाहिलं, बाईनं पडदे ओढले आणि सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावणं गेलं.

"थांबव," सासूबाई म्हणाल्या. "नाव आणि पुरावा."

लहानापासून सुरुवात, म्हणून वकील आधी. त्यांनी डॉक्टरला धरलं, घड्याळाच्या पट्ट्याला माती लागलेली होती म्हणून. चांगला पुरावा होता. ह्यांनी पुतणीचं नाव घेतलं.

"पुरावा?"

"बघायचीच पद्धत अशी आहे तिची."

"बाद," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई?"

"घर सांभाळणारी," मी म्हटलं. "पडदे ओढले तेव्हा अस्तर खोलीच्या आतल्या बाजूला होतं. जिनं ते घर रोज सांभाळलंय तिच्या हातून हे होणार नाही. कापडावर काहीतरी डाग पडला असणार, म्हणून पडदे काढून उलटे लावलेत."

"हिला पडद्याशिवाय काही दिसत नाही," हे पुटपुटले.

"तुला तर पडद्यावरचंही दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात ताईंकडे लाइट आली. चौकोन एकदम उजळला: त्यांचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ, कोपऱ्यातला उंच दिवा. आणि ताईंच्या हातात मेणबत्ती. पेटलेली. त्या विझवायला विसरल्या होत्या, खाली ठेवायलाही विसरल्या होत्या. मेण ओघळून बोटापर्यंत आलं होतं.

तिसऱ्या चौकोनात काहीच झालं नाही. जावईबापू पडद्यावरच्या थांबलेल्या दिवाणखान्याकडे डोळे लावून बसले होते. पुढची पाळी ताईंची, नंतर त्यांची, तेव्हा पुरावा शोधत असणार. लाइट आल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. नारिंगी दिव्यापाशी, अंधारात, एकटे.

कुणीतरी खाकरायला हवं होतं. वकील त्यात पटाईत आहेत. पण ते खाकरले नाहीत. ह्यांना उबळ आली नाही. मीही, "अरे वा, लाइट आली वाटतं ताई," असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा रंग, पुन्हा जिना, पुन्हा वारा. मला त्या निळ्या पडद्यांची घडी आठवली.

"ताई," सासूबाई म्हणाल्या. "तुझी पाळी. नाव आणि पुरावा."

ताई फोनमध्ये बघत होत्या. त्यांना त्या छोट्याशा काचेवर तिसरा चौकोन नखाएवढा दिसत असणार. त्यांनी तो बोटानं मोठा केला असावा, कारण त्या पुढे झुकल्या आणि बराच वेळ तशाच बघत राहिल्या. एकदा त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. त्या हसताहेत की काय मला समजेना.

"धरून ठेवलाय सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "सोडा आता."

"काय?" जावईबापूंनी दचकून वर पाहिलं. मग त्यांना ताईंचा उजेड दिसला. त्यांचा हात बटणाकडे निघाला आणि मधेच थांबला.

"राहू दे," ताई त्यांना म्हणाल्या. खूप दिवसांनी त्या थेट त्यांच्याशी बोलल्या होत्या, आणि आवाजात राग नव्हता. मग त्यांनी हातातली मेणबत्ती वर धरली. "आई, पुरावा आधी देते. मेणबत्ती अजून माझ्याच हातात आहे."

सासूबाईंनी पदराच्या टोकाचा बोटाला आणखी एक वेढा दिला.

"तो वर नाहीये. वरच्या खोलीला रंगही नाही नि काही नाही, तिथे माझे इस्त्रीचे कपडे असतात. आम्ही वेगळे झालोय आई, उन्हाळ्यातच. तो आता इथे राहत नाही. तुला सांगितलं नाही कारण सांगितलं की ह्याचा शनिवार जाईल, असं ह्याला वाटतं." त्या थांबल्या. "माझं काही म्हणणं नाही. त्यानं यावं. पण घर तुझं आहे, ते तू सांगायचंस."

तिसऱ्या चौकोनात जावईबापूंनी बटणाकडे निघालेला हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

सासूबाईंनी पदराचं टोक सोडलं, दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि खुर्ची सरकवून मागे बसल्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांचा अख्खा चेहरा चौकोनात आला: चष्मा, नाक, हनुवटी, सगळं. मी त्यांच्याकडे चोरून पाहिलं. ऐकून धक्का बसलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. फार वेळ दुसऱ्याचा फोन कानाला धरून बसलेल्या माणसाला खाली ठेवायची परवानगी मिळावी, तसा होता.

"सूनबाई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या खोलीत आवाज घुमतो. काहीतरी जाड कापड बघ."

"आहे शिवलेलं," मी म्हटलं.

"जावईबापू," त्यांनी हाक मारली. नेहमीसारखीच, तेवढ्याच आवाजात. "ती ट्यूब लावा आधी, डोळे खराब होतील. आणि नाव सांगा. तुमची पाळी राहिलीय."